पुण्यातील खासगी नोकरदारांसाठी ग्रॅच्युइटीचा अर्ज : पात्रता, हिशोब आणि कागदपत्रे

भोसरीच्या कारखान्यातून असो किंवा हिंजवडीच्या कार्यालयातून, नोकरी सोडताना ‘फुल अँड फायनल’चा, म्हणजे अंतिम हिशोबाचा, कागद पुढे सरकवला जातो आणि घाईगडबडीत त्यावर सही होऊन जाते. सही करण्यापूर्वी त्या कागदावर ग्रॅच्युइटीची, म्हणजे केलेल्या सेवेबद्दल मालकाने द्यायच्या एकरकमी पैशांची, ओळ आहे का आणि तिच्यापुढे कोणता आकडा लिहिला आहे, हे शांतपणे पाहावे. ही रक्कम कायद्याने देय आहे आणि ती सोडून देत असल्याचे कर्मचाऱ्याकडून लिहून घेतले, तरी तसा करार कायद्यापुढे टिकत नाही.

दहा किंवा त्याहून अधिक माणसे काम करीत असलेल्या कारखान्याला, दुकानाला किंवा आस्थापनेला ग्रॅच्युइटी लागू होते. पुढे माणसे कमी झाली तरी ती लागूच राहते. १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्यातील या तरतुदी आता सामाजिक सुरक्षा संहितेत आल्या असून ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आहे. राजीनामा, निवृत्ती किंवा कामावरून कमी केले जाणे यांपैकी कोणत्याही कारणाने नोकरी संपली, तरी सलग पाच वर्षांची सेवा असावी लागते. मृत्यू किंवा अपंगत्व आल्यास ही अट नाही. निश्चित मुदतीच्या नेमणुकीवर असलेल्यांना नव्या संहितेनुसार एका वर्षाच्या सेवेनंतर, केलेल्या सेवेच्या प्रमाणात रक्कम मिळते.

‘सलग’ या शब्दावर सर्वांत जास्त वाद होतात. दर अकरा महिन्यांनी आठ-दहा दिवसांचा ‘ब्रेक’ द्यायचा आणि मग सेवा खंडित झाली म्हणून सांगायचे, ही पद्धत औद्योगिक पट्ट्यात चांगलीच परिचयाची आहे. मात्र आधीच्या बारा महिन्यांत २४० दिवस काम भरले असेल, तर मध्ये खंड पडूनही ते वर्ष सलग सेवेचे धरले जाते. आठवड्यात सहा दिवसांपेक्षा कमी काम चालणाऱ्या ठिकाणी हा आकडा १९० दिवसांचा आहे. भरपगारी रजा आणि प्रसूती रजा या दिवसांत मोजल्या जातात. पाचव्या वर्षात २४० दिवस भरले की पुरे, असा निकाल मद्रास उच्च न्यायालयाने दिलेला आहे. तरीही केवळ त्याच्या भरवशावर चार वर्षे आठ महिन्यांनी राजीनामा देऊ नये, असे माझे मत आहे, कारण मालक हरकत घेतो आणि चार महिने वाचवण्याच्या नादात दोन वर्षे तारखांना हेलपाटे घालावे लागतात.

हिशोबाचे सूत्र सोपे आहे : शेवटच्या महिन्याच्या वेतनाला २६ ने भागावे, आलेल्या रकमेला १५ ने आणि मग सेवेच्या वर्षांनी गुणावे. सहा महिन्यांहून अधिक उरलेला काळ पूर्ण वर्ष धरतात. खरी मेख ‘वेतन’ या शब्दात आहे. समजा, एकूण पगार ३६,४०० रुपये असून पगाराच्या स्लिपवर मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून १३,००० आणि उरलेले २३,४०० रुपये घरभाडे, प्रवास अशा वेतनातून वगळल्या जाणाऱ्या भत्त्यांचे आहेत. नव्या व्याख्येनुसार असे भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यापेक्षा जास्त झाले, तर वरची रक्कम वेतनात मिळवायची असते. येथे वरचे ५,२०० रुपये मिळवून वेतन १८,२०० ठरते. सेवा सात वर्षे आठ महिन्यांची, म्हणजे आठ वर्षे धरली, तर ग्रॅच्युइटी ८४,००० रुपये होते. नुसत्या १३,००० वर काढली असती, तर ६०,००० झाली असती. कायद्याने देय रकमेची कमाल मर्यादा २० लाख रुपये आहे.

अर्जासोबत नेमणूकपत्र, राजीनामा मंजुरीचे किंवा कार्यमुक्तीचे पत्र, शेवटच्या महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, आधार व पॅन यांच्या प्रती आणि रद्द केलेला धनादेश जोडावा. नेमणूकपत्र कधी दिलेच नसेल, तर भविष्य निर्वाह निधीचे पासबुक काढून ठेवावे. त्यात मालकाने कोणत्या महिन्याची वर्गणी भरली हे ओळीने दिसते आणि सेवेचा तो चांगला पुरावा ठरतो. कर्मचाऱ्याचा मृत्यू झाला असल्यास मृत्यूचा दाखला आणि नामनिर्देशन लागते. कुटुंब असताना बाहेरच्या व्यक्तीचे नाव दिलेले असेल, तर ते नामनिर्देशन रद्दबातल ठरते. लग्नाआधी भरलेला फॉर्म लग्नानंतर बदलायचा राहून गेला आहे, अशी उदाहरणे थोडीथोडकी नाहीत.

अर्ज रक्कम देय झाल्यापासून ३० दिवसांत मालकाकडे द्यावा. उशीर झाला, तर कारण लिहावे. केवळ उशिरामुळे हक्क बुडत नाही. अर्ज आला नाही तरी हिशोब करून कळवण्याची आणि ३० दिवसांत रक्कम देण्याची जबाबदारी मालकाचीच आहे, आणि त्याच्याकडून उशीर झाल्यास त्याला व्याजही द्यावे लागते. अर्ज देताना दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही आणि तारीख घेऊन पोच अवश्य ठेवावी. सुरक्षा चौकीवर अर्ज ठेवून घेतला पण पोच दिली नाही, तर त्याच दिवशी तोच अर्ज नोंदणीसह स्पीड पोस्टाने पाठवावा.

मालकाने नकार दिला किंवा कमी रक्कम दिली, तर वाद निर्माण झाल्यापासून ९० दिवसांत सक्षम प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते. येथे पुणेकरांची हमखास गफलत होते. आस्थापना केवळ महाराष्ट्रात असेल, तर राज्याच्या कामगार विभागाच्या पुणे कार्यालयाकडे जावे. पण कंपनीच्या शाखा एकाहून अधिक राज्यांत असतील, तर प्रकरण केंद्राच्या कामगार यंत्रणेकडे जाते, आणि पुण्यातील बहुतेक मोठ्या आयटी कंपन्या या दुसऱ्या प्रकारात मोडतात. चुकीच्या दारात अर्ज पडला की ९० दिवसांतले कितीतरी दिवस तेथेच खर्ची पडतात. प्राधिकाऱ्याच्या आदेशाविरुद्ध ६० दिवसांत अपील करता येते. मात्र अपील मालकाचे असेल, तर आदेशातील रक्कम आधी जमा केल्याशिवाय ते दाखल करून घेतले जात नाही.