हिरड्यांचे विकार व निगा

दातांच्या मानेभोवती घट्ट बसलेल्या आणि जबड्याचे हाड झाकणाऱ्या मऊ ऊतकाला हिरडी म्हणतात. हिरड्यांच्या विकारांत मुख्यतः दोन अवस्था येतात. पहिलीत केवळ हिरडीला सूज येते. तिला हिरडीदाह म्हणतात. दुसरीत ही सूज खोल उतरून दात धरून ठेवणारे तंतू आणि हाड झिजवते. तो परिदंतदाह होय. बोलीभाषेत दोन्हींना सरसकट ‘पायोरिया’ किंवा ‘पायरिया’ म्हणतात. पू वाहणे असा अर्थ असलेल्या ग्रीक शब्दांवरून आलेले हे नाव दंतवैद्यकाने आता मागे टाकले असले, तरी रुग्ण दवाखान्यात येऊन आजही ‘मला पायरिया झालाय’ असेच सांगतो. दोन्ही अवस्थांत फरक करणे मात्र आवश्यक आहे, कारण हिरडीदाह पूर्ण बरा होतो, तर परिदंतदाह थांबवता येतो, पण झिजलेले हाड बहुतांशी परत मिळत नाही.

निरोगी हिरडी फिकट गुलाबी असते. सावळ्या वर्णाच्या माणसांत तिच्यावर तपकिरी किंवा काळसर पट्टे दिसतात. ते स्वाभाविक रंजकद्रव्याचे असतात, रोगाचे नव्हेत. हिरडी पुसून कोरडी केली, तर तिच्या घट्ट भागावर संत्र्याच्या सालीवर असतात तसे बारीक खळगे दिसतात. सूज आली की हे खळगे नाहीसे होऊन हिरडी गुळगुळीत, चकचकीत आणि लालभडक होते. हिरडीची अगदी वरची कड दाताला चिकटलेली नसते. दात आणि ही कड यांच्यामध्ये १ ते ३ मिलिमीटर खोलीची एक चिंचोळी खाच असते. मिलिमीटरच्या खुणा असलेली बोथट टोकाची बारीक सळई, म्हणजे प्रोब, दंतवैद्य या खाचेतून दाताभोवती हलकेच फिरवतो आणि प्रत्येक दाताच्या सहा ठिकाणी खोली मोजतो. हिरडी निरोगी असेल, तर सळई बाहेर येताना कोरडी येते. खोली ४ मिलिमीटर किंवा अधिक भरली आणि सळईमागे रक्ताचा ठिपका उमटला, तर तिथे हिरडीचा कप्पा तयार झाला आहे असे समजतात. रुग्णाला आरशात काहीच वावगे दिसत नसताना हा कप्पा सापडणे, ही दंतवैद्याच्या दृष्टीने रोजची गोष्ट आहे.

विकाराचे मूळ दातावर साचणाऱ्या जीवाणूंच्या चिकट थरात असते. दात घासल्यानंतर काही मिनिटांतच लाळेतील प्रथिनांचे पातळ पटल दातावर चढू लागते आणि त्यावर तोंडातील जीवाणू वस्ती करतात. या थराला प्लाक म्हणतात. तो पांढुरका आणि मऊ असतो, नखाने खरवडला तर निघतो, पण नुसती चूळ भरून जात नाही. हॉलंडमधील आंतोनी व्हान लेव्हेनहूक याने १६८३ मध्ये स्वतःच्याच दातांमधला असा मळ काढून आपल्या भिंगाखाली पाहिला आणि त्यात वळवळणारे सूक्ष्मजीव असल्याचे लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्राने कळवले. तरीही हा थर आणि हिरडीची सूज यांतील कार्यकारणभाव निःसंशय सिद्ध व्हायला विसावे शतक उजाडावे लागले. डेन्मार्कमधील ऑर्हूस येथे हॅराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिरड्या निरोगी असलेल्या १२ जणांना दात घासणे पूर्ण बंद करायला सांगितले. १० ते २१ दिवसांत बाराही जणांच्या हिरड्या सुजल्या, आणि दात पुन्हा स्वच्छ ठेवू लागल्यावर साधारण आठवड्याभरात त्या पूर्ववत झाल्या. १९६५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या साध्या प्रयोगावर आजचे सारे प्रतिबंधक दंतवैद्यक उभे आहे, असे म्हणण्यास हरकत नाही.

हा थर काढला नाही, तर लाळेतील कॅल्शियम व फॉस्फेट त्यात मुरून काही दिवसांतच तो दगडासारखा कडक होतो. यालाच दातांवरचे किटण म्हणतात. लाळग्रंथींच्या नळ्या जिथे उघडतात तिथे ते सर्वांत लवकर जमते, म्हणून खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूस जिभेला खरखरीत लागणारा पिवळट थर जवळजवळ प्रत्येक प्रौढाला ओळखीचा असतो. वरच्या दाढांची गालाकडची बाजू ही त्याची दुसरी आवडती जागा. किटण स्वतः फारसे विषारी नसते; पण त्याच्या खडबडीत पृष्ठभागावर नवा प्लाक बसत राहतो आणि ब्रशने तो निघत नाही. किटण हिरडीच्या आत उतरले की रंगाने काळपट होते आणि मुळाला अधिकच चिवटपणे चिकटते.

परिदंतदाहात हाड झिजते ते थेट जीवाणूंनी कुरतडल्यामुळे, असा समज आहे. प्रत्यक्षात बराचसा नाश शरीर स्वतःच करते. खोल कप्प्यात प्राणवायू पोचत नाही आणि तिथे पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिससारखे वेगळे जीवाणू बळावतात. त्यांना आवरण्यासाठी धावून आलेल्या पेशी जी द्रव्ये सोडतात, त्यांनीच तंतू तुटतात आणि हाड मागे हटते. प्रत्येकाच्या शरीराची ही प्रतिक्रिया सारखी नसते. लो यांच्याच गटाने श्रीलंकेतील चहामळ्यांवर काम करणाऱ्या ४८० तमिळ मजुरांची १९७० पासून १५ वर्षे पाहणी केली. या मजुरांना ब्रशची वा दंतोपचारांची कसलीही सोय नव्हती आणि त्या सर्वांच्या दातांवर प्लाक व किटण भरपूर होते. तरीही सुमारे ८ टक्क्यांत विकार झपाट्याने वाढला, ८१ टक्क्यांत मध्यम गतीने वाढला आणि ११ टक्क्यांत तो हिरडीदाहाच्या पुढे गेलाच नाही. ‘आमच्या आजोबांनी जन्मात ब्रश पाहिला नाही, पण दात शेवटपर्यंत शाबूत होते’ हे घरोघरी ऐकू येणारे वाक्य त्यामुळे खोटे नसते. फक्त ते आजोबा त्या ११ टक्क्यांतले असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगातील सुमारे १९ टक्के प्रौढांना तीव्र स्वरूपाचा परिदंतदाह आहे.

हा विकार इतका बळावण्याचे मुख्य कारण त्याचा मूकपणा होय. किडलेली दाढ रात्रभर ठणकते, झोपू देत नाही. झिजणारे हाड मात्र वर्षानुवर्षे दुखत नाही. दात घासताना थुंकीत दिसणारे रक्त ही पहिली आणि कित्येकदा एकमेव सूचना असते, आणि नेमका तिचाच उलटा अर्थ लावला जातो. रक्त येते म्हणून माणूस त्या भागावर ब्रश फिरवणे टाळतो, तिथला थर वाढतो, सूज वाढते आणि रक्त अधिक येऊ लागते. पुढे तोंडाला वास येणे, हिरडी खाली सरकून दात लांबट दिसणे, गार पाण्याने दात शिवशिवणे, दोन दातांत फट पडून तिथे घास अडकणे आणि शेवटी दात हलणे, असा क्रम लागतो. कप्प्याचे तोंड बंद होऊन आत पू साचला, तर हिरडीला गळू येते. तेव्हा कुठे पहिल्यांदा ठणका लागतो.

तंबाखूमुळे हा मूकपणा आणखी गडद होतो. धूम्रपान करणाऱ्यांत परिदंतदाह अधिक तीव्र असतो, पण हिरड्यांतून रक्त मात्र कमी येते, म्हणजे धोक्याची घंटाच बांधून ठेवल्यासारखे होते. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात, आणि विशेषतः स्त्रियांत, मिश्री किंवा मशेरी लावण्याची सवय आहे. तंबाखू लोखंडी तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरून तिची पूड करायची आणि ती बोटाने दात-हिरड्यांवर घासत बसायचे, अशी ही रीत. सुरुवात बहुधा दातदुखीवर उतारा म्हणून होते. मग मिश्रीशिवाय सकाळी पोट साफ होत नाही, अशी तक्रार सुरू होते आणि दिवसातून तीन-चार वेळा डबी उघडली जाते. जिथे तंबाखू रोज घासली वा दाबून धरली जाते, तिथली हिरडी खाली सरकते आणि आतील त्वचेवर पांढरे चट्टे उमटू शकतात; त्यांतील काही कर्करोगाची पूर्वावस्था असतात. केंद्र सरकारने १९९२ मध्ये टूथपेस्ट व दंतमंजनांत तंबाखू वापरण्यास बंदी घातली, पण मिश्री घरच्या चुलीवर भाजली जात असल्याने ती कोणत्याही कायद्याच्या हाती लागत नाही.

मधुमेह आणि हिरड्या यांचे नाते दुहेरी आहे. रक्तातील साखर आटोक्यात नसेल, तर परिदंतदाह लवकर होतो व वेगाने वाढतो. उलट हिरड्यांवर नीट उपचार केल्यास तीन-चार महिन्यांनी साखरेचा सरासरी निर्देशांक, म्हणजे एचबीएवनसी, साधारण ०.३ ते ०.४ ने खाली आल्याचे आढळते. वारंवार हिरडीला गळवे येणाऱ्या माणसाची साखर तपासून पाहावी, असा दंडक आहे. गरोदरपणात संप्रेरकांमुळे थोड्याशा प्लाकलाही हिरडी जोरात प्रतिसाद देते आणि क्वचित दोन दातांमध्ये लाल मांसल गाठ उगवते. ती बाळंतपणानंतर बहुधा आपोआप आक्रसते. फेफऱ्यावरील फेनिटोइन, रक्तदाबावरील निफेडिपिन व अ‍ॅम्लोडिपिन आणि प्रत्यारोपणानंतर देण्यात येणारे सायक्लोस्पोरिन यांनी काहींच्या हिरड्या फुगून दातांवर चढतात. अशा वेळी औषध परस्पर बंद न करता डॉक्टरांकडून ते बदलून घेता येते का, हे पाहावे लागते. क जीवनसत्त्वाच्या अभावी होणाऱ्या स्कर्व्ही रोगात हिरड्या जांभळट व स्पंजासारख्या होतात. मात्र हिरडीतून रक्त आले की लिंबू-आवळा खाऊन भागेल, ही समजूत आजच्या बहुतेक रुग्णांना लागू पडत नाही. अचानक सर्व हिरड्या सुजल्या, फिकट पडल्या आणि सोबत ताप, थकवा वा अंगावर निळसर डाग असतील, तर रक्ताच्या कर्करोगाची शंका घेऊन रक्ततपासणी करावी लागते.

प्राचीन भारतीय वैद्यकाला हे विकार चांगले परिचित होते. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातील सोळाव्या अध्यायात मुखाचे ६५ रोग सांगितले असून त्यांपैकी १५ दंतमूलगत, म्हणजे हिरड्यांचे आहेत. अकस्मात रक्त येऊन हिरड्या मऊ, काळपट व दुर्गंधीयुक्त होतात तो शीताद, आणि पू व रक्त वाहून दात हलू लागतात तो दंतवेष्ट, ही वर्णने आजच्या दोन अवस्थांशी पुष्कळ जुळतात. शीतादावर दूषित रक्त काढून सुंठ, मोहरी, त्रिफळा व नागरमोथा यांच्या काढ्याने तोंड भरून धरण्यास सांगितले आहे.

उपचारांचा पाया म्हणजे किटण काढणे. यंत्राच्या कंप पावणाऱ्या टोकाने ते फोडून काढतात. याला स्केलिंग म्हणतात, आणि लोक ‘दात साफ करून घेणे’ म्हणतात. कप्पे खोल असल्यास हिरडी बधिर करून मुळांचा पृष्ठभागही साफ करतात, आणि तेवढ्याने भागले नाही तर हिरडीची झडप उचलून शस्त्रक्रिया करतात. स्केलिंगने दात सैल होतात हा समज अतिशय पक्का आहे आणि तो अनुभवातूनच आला आहे: हाड आधीच झिजलेले असते, किटणाने शेजारचे दात जणू सिमेंट ओतल्यासारखे जखडलेले असतात, ते निघाले की फटी दिसतात, जीभ तिथे जाते आणि दात हलतात हे प्रथमच जाणवते. दोष मात्र यंत्राला जातो.

घरच्या निगेत ब्रश किती जोराने घासला यापेक्षा तो कुठे टेकला याला महत्त्व आहे. अमेरिकेतील न्यू ऑर्लीन्सचे डॉक्टर चार्ल्स बास यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास सांगितलेली पद्धत आजही शिकवली जाते. मऊ केसांचा ब्रश हिरडी आणि दात भेटतात त्या रेषेवर सुमारे ४५ अंशांत तिरका टेकवून जागच्या जागी बारीक हलवायचा आणि मग दाताच्या टोकाकडे सारायचा. सकाळी व रात्री निजण्यापूर्वी दोन-दोन मिनिटे पुरतात. त्यांतली रात्रीची वेळच बहुतेक घरांत गळते. कडक ब्रशने आडवी करवत चालवल्यास दाताच्या मानेशी खाच पडते आणि हिरडी सरकते. राखुंडी, कोळसा-मीठ किंवा गेरू मिसळलेले लाल मंजन बोटाने घासल्याने दात चकचकीत दिसतात, पण झिजतात, आणि दोन दातांमधला थर जागीच राहतो. कडुनिंब वा बाभळीचे दातवण नीट चावून त्याचा कुंचला केला, तर बाहेरची बाजू बरी साफ होते. आतल्या बाजूला आणि दाढांमागे ते पोचणे कठीण असते.

दोन दातांमधल्या जागेसाठी दोरा, म्हणजे फ्लॉस, किंवा फट मोठी असल्यास बाटली धुण्याच्या ब्रशची चिमुकली आवृत्ती शोभेल असा आंतरदंत ब्रश वापरावा. पूर्वी चांदीच्या साखळीला दातकोरणे आणि कानकोरणे अडकवलेले असे. आता त्यांची जागा टाचणी, आगकाडी आणि सेफ्टी पिनेने घेतली आहे आणि त्यांनी हिरडीला जखम होते. दात कोरून पोट भरत नाही हे खरेच, पण योग्य साधनाने रोज कोरल्यास हिरडी वाचते. कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांनी सुजेला आराम पडतो, मात्र थर निघत नाही. ०.२ टक्के क्लोरहेक्सिडिनचे औषधी पाणी परिणामकारक आहे, पण गुळण्यांसाठी ते आठवडा-दोन आठवड्यांपुरतेच वापरावे, कारण अधिक काळ वापरल्यास दातांवर तपकिरी डाग पडतात आणि चव बिघडते. हिरडीवर लवंगेचे निर्भेळ तेल चोपडणे किंवा दुखऱ्या दाताशेजारी अ‍ॅस्पिरिनची गोळी दाबून ठेवणे टाळावे. दोन्हींनी हिरडी पोळून पांढरी पडते.

परिदंतदाहावर उपचार झालेल्या माणसाला सामान्यतः दर तीन महिन्यांनी तपासणीस बोलावतात, कारण साफ केलेल्या कप्प्यांत उपद्रवी जीवाणू काही आठवड्यांत पुन्हा वस्ती करू लागतात. शासकीय दंत महाविद्यालयांत यासाठी परिदंतशास्त्राचा स्वतंत्र विभाग असतो.