मुस्लिम समाज आणि प्रसारमाध्यमे

बातम्या, चित्रपट आणि समाजमाध्यमे यांतून उभी राहणारी मुसलमानांची प्रतिमा, आणि ती बदलण्यासाठी मुसलमानांनी चालवलेले प्रयत्न, हा माध्यम-अभ्यासाचा विषय आहे. १९७९ च्या इराणी क्रांतीनंतर आणि तेहरानमधील अमेरिकी दूतावासाच्या ओलीस प्रकरणानंतर या अभ्यासाला वेग आला. पॅलेस्टिनी-अमेरिकी विचारवंत एडवर्ड सैद यांनी १९८१ मध्ये ‘कव्हरिंग इस्लाम’ या ग्रंथात पाश्चात्त्य वार्तांकनाची चिकित्सा केली.

पडद्यावर मुसलमान मुळात दिसतातच कमी. २०१७ ते २०१९ या काळातील २०० लोकप्रिय इंग्रजी चित्रपटांच्या पाहणीत १८१ चित्रपटांमध्ये संवाद असलेले एकही मुस्लिम पात्र आढळले नाही. जी पात्रे येतात ती बहुतेक अरब वळणाची. जगातील सर्वाधिक मुस्लिम लोकसंख्येच्या देशांपैकी असलेला इंडोनेशिया तर या चित्रात जवळजवळ नसतोच.

वृत्तकक्षातली घाई अधिक घातक ठरते. १९९५ मध्ये ओक्लाहोमा सिटीत झालेल्या बॉम्बस्फोटात १६८ जण मेले. सुरुवातीच्या बातम्यांनी संशयाची सुई मध्यपूर्वेकडे वळवली. स्फोट घडवणारा टिमोथी मॅक्‌व्हे हा अमेरिकेचाच माजी सैनिक निघाला. २०११ च्या नॉर्वेतील हत्याकांडानंतरही पहिल्या काही तासांत तेच घडले. खुलासा छापून येतो, पण तोवर शेजारपाजारच्या नजरा बदललेल्या असतात.

मथळ्यातून अर्थ कसा पालटतो, याचे ठसठशीत उदाहरण ब्रिटनमधील आहे. नोव्हेंबर २०१५ मध्ये ‘द सन’ या दैनिकाने पहिल्या पानावर छापले की, पाचातील एका ब्रिटिश मुसलमानाला जिहादींबद्दल सहानुभूती आहे. प्रत्यक्ष सर्वेक्षणातील प्रश्न होता, सीरियातील लढवय्यांना सामील होण्यासाठी देश सोडणाऱ्या तरुण मुसलमानांबद्दल सहानुभूती वाटते का, असा. प्रश्नात ‘जिहादी’ हा शब्द नव्हता आणि कोणत्या गटाचे लढवय्ये, हेही विचारले नव्हते. तक्रारी झाल्या आणि मार्च २०१६ मध्ये ‘इप्सो’ या वृत्तपत्रांच्या नियामक संस्थेने वार्तांकन दिशाभूल करणारे ठरवले.

या प्रकरणातून तक्रारीची रीत कळते. ‘माध्यमे पक्षपाती आहेत’ अशा सरसकट आरोपाने काही हलत नाही. बातमीची तारीख, आक्षेपार्ह वाक्य, मूळ पुरावा आणि आचारसंहितेतील कलम, एवढे नेमके मांडून मुदतीत अर्ज केला, तर संपादकाला उत्तर देणे भाग पडते. ब्रिटनमध्ये २०१८ पासून ‘सेंटर फॉर मीडिया मॉनिटरिंग’ ही संस्था मुसलमानांविषयीच्या अशा बातम्यांची नोंद ठेवते.

प्रत्येक हल्ल्यानंतर निषेध करण्यापुरतेच मुसलमानांना चर्चेत बोलावणे अन्यायाचे आहे, कारण त्यात परक्याच्या गुन्ह्याचा जाब निरपराधाला द्यावा लागतो. म्हणून अनेक गट पत्रकारांना शेती, आरोग्य, कायदा, अर्थकारण अशा विषयांतील मुस्लिम जाणकारांची नावे आधीच पुरवून ठेवतात. मशिदीत पत्रकारांना निवांतपणे बोलावणे, प्रवक्त्यांमध्ये स्त्रिया आणि तरुण असणे, आणि समाजातील मतभेद न लपवता बोलणे, यानेही फरक पडतो. वृत्तकक्षात बातमीदार आणि संपादक म्हणून मुसलमान असले, तर चुकीचा मथळा छापण्याआधीच कुणीतरी हटकू शकतो.