व्यावसायिक इंटिरियरमधल्या चित्रांच्या फ्रेम : निवड आणि स्पेसिफिकेशन

हॉटेल, ऑफिस, हॉस्पिटल, बँक, रेस्टॉरंट अशा ठिकाणी भिंतीवर लागणाऱ्या चित्रांना, फोटोंना आणि प्रिंटना कोणती फ्रेम घालायची हे ठरवणं आणि फ्रेम बनवणाऱ्याला ते बिनचूक लिहून देणं, या दोन्ही कामांना मिळून फ्रेम स्पेसिफिकेशन म्हणतात. घरातली फ्रेम आणि ही फ्रेम दिसायला सारखीच, पण घरात एक चित्र, एक भिंत आणि बघणारी चार माणसं असतात. इथे एकाच डिझाइनच्या शे-दीडशे फ्रेम लागतात, त्यांना रोज कुणाचा तरी खांदा, बॅग, साफसफाईची ट्रॉली घासणार, आणि पाच वर्षांनी एखादी फुटली तर हुबेहूब तशीच दुसरी बनवता आली पाहिजे. त्यामुळे आधी जागा बघायची, मग चित्र, आणि पट्टीचा रंग सगळ्यात शेवटी. बहुतेक ठिकाणी होतं नेमकं उलटं, कॅटलॉगमधली एखादी पट्टी आवडते आणि बाकी सगळं तिच्यामागे फरफटत जातं.

फ्रेमची रचना

समोरून मागे जायचं तर आधी पट्टी म्हणजे मोल्डिंग, मग काच किंवा अ‍ॅक्रिलिक, मग माउंट, मग चित्र, त्याच्या पाठीला बॅकिंग बोर्ड आणि शेवटी टांगायचं हार्डवेअर. पट्टीच्या आतल्या कडेला एक खाच असते, तिला रॅबेट म्हणतात, आणि हे सगळे थर त्या खाचेत मावायला लागतात. ३ मिमी अ‍ॅक्रिलिक, दीड मिमी माउंट, चित्राखाली तेवढ्याच जाडीचा बोर्ड आणि ३ मिमी बॅकिंग धरलं की झाले ९ मिमी, वर पिना मारायला थोडी जागा, म्हणजे खाच किमान ११-१२ मिमी खोल हवी. नाजूक दिसते म्हणून निवडलेल्या पट्टीची खाच पुष्कळदा ६-७ मिमीच असते आणि मग बॅकिंग मागून बाहेर येतं, फ्रेम भिंतीला नीट टेकत नाही.

माउंट म्हणजे चित्राभोवतीची जाड कागदी चौकट. ती शोभेची वाटते, पण तिचं खरं काम म्हणजे चित्र काचेला चिकटू न देणं, कारण हवेतला दमटपणा काचेच्या आत धरला की फोटोचा थर काचेला चिकटतो आणि तो सोडवताना फाटतो. चांगला माउंट आम्लमुक्त असतो. स्वस्तातल्या लाकडी लगद्याच्या बोर्डात आम्ल असतं आणि ते हळूहळू चित्रात उतरतं. ओळखायचं कसं, तर दहाएक वर्षांपूर्वीची एखादी फ्रेम घेऊन माउंटच्या आतली ४५ अंशात कापलेली तिरपी कड जवळून बघायची. चांगल्या बोर्डाची कड अजून पांढरी असते, वाईटाची पिवळट तपकिरी झालेली असते, आणि माउंट उचलला तर चित्रावरही तशीच तपकिरी रेघ सापडते. ती रेघ परत जात नाही. अल्बम आणि फ्रेमिंगच्या साहित्यासाठी आयएसओ १८९०२ हे मानक आहे, फोटोंचं काम असेल तर स्पेकमध्ये त्याचा उल्लेख जरूर करावा.

जागेप्रमाणे निवड

कॉरिडॉर ही सगळ्यात कठीण जागा. माणसं भिंतीला घासून जातात, सामान आपटतं, आणि फ्रेम भिंतीपासून किती पुढे येते याला फार महत्त्व येतं. पांढरी काठी घेऊन चालणाऱ्या माणसाला जमिनीलगतचा अडथळा काठीने कळतो, पण कमरेच्या वर भिंतीतून पुढे आलेली वस्तू कळत नाही. म्हणूनच अमेरिकेच्या २०१० च्या सुगम्यता मानकांत जमिनीपासून २७ ते ८० इंच या पट्ट्यात भिंतीवरची वस्तू येण्याजाण्याच्या वाटेत ४ इंचांपेक्षा जास्त पुढे यायला मनाई आहे. नियम लागू असो नसो, ही मर्यादा कुठेही पाळण्यासारखी आहे. खोल बॉक्स फ्रेम कितीही देखणी असली तरी ती लॉबीच्या मोठ्या भिंतीवर लावावी, अरुंद बोळात नको.

हॉस्पिटलमध्ये पहिला प्रश्न पुसता येण्याचा. नक्षीदार पट्टीच्या खाचाखोचांत धूळ बसते, कच्चं लाकूड जंतुनाशकाने खराब होतं, म्हणून तिथे सपाट अ‍ॅल्युमिनियम किंवा सीलबंद फिनिश आणि पाठ पूर्ण बंद. मानसोपचार विभागात तर काच अजिबात चालत नाही, फ्रेम भिंतीला पूर्ण चिकटलेली आणि वरची कड उतरती हवी, म्हणजे तिला काही अडकवता येत नाही. बाथरूम, स्विमिंग पूल, स्पा इथे एमडीएफ म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड नकोच, ते पाणी पिऊन फुगतं आणि कोपरे उघडतात. बाहेर पडायच्या वाटांवर आगीचे स्थानिक नियम आधी बघून घ्यावेत, तिथे लाकूड, एमडीएफ आणि अ‍ॅक्रिलिक या सगळ्यांवरच मर्यादा येऊ शकते.

उजेडाचं मात्र सगळीकडेच बघावं लागतं. कागदावरच्या नाजूक कामांसाठी म्युझियममध्ये साधारण ५० लक्सची (लक्स म्हणजे पृष्ठावर पडणाऱ्या उजेडाचं एकक) मर्यादा धरतात, ऑइल पेंटिंगला २०० च्या आसपास, आणि ऑफिसात टेबलावर ५०० लक्स हा नेहमीचा हिशेब. भिंतीवर त्याहून कमी पडतो, तरी ५० च्या कितीतरी वर. यूव्ही काच ९९ टक्क्यांपर्यंत अतिनील किरण अडवते, पण रंग साध्या दिसणाऱ्या उजेडानेही उडतात, त्यामुळे यूव्ही काच लावली म्हणून ओरिजिनल वॉटरकलर खिडकीसमोर टांगायला हरकत नाही असं समजणं चुकीचं आहे. तिथे चांगली पिगमेंट प्रिंट लावा आणि ओरिजिनल आतल्या शांत खोलीत न्या.

काच की अ‍ॅक्रिलिक

वजन बघितलं की हा प्रश्न बराचसा आपोआप सुटतो. १०० बाय १५० सेंमीच्या चित्राला ३ मिमी काच घातली तर नुसती काचच सव्वाअकरा किलो होते, तेवढंच अ‍ॅक्रिलिक साडेपाच किलोच्याही आत. शिवाय काच फुटली की तुकडे, आणि सार्वजनिक जागेत ती जोखीम कुणाला परवडत नाही, म्हणून मोठ्या साइझला आणि पलंगाच्या किंवा बसायच्या जागेच्या वर अ‍ॅक्रिलिक घ्यावं हे माझं स्पष्ट मत आहे. त्याचे तोटे आहेतच, ओरखडे लवकर पडतात, आणि घासल्यावर त्यात स्थिर वीज तयार होते, त्यामुळे चारकोल आणि पेस्टलचे कण उचलून ते आतल्या बाजूला चिकटतात, अशा कामांना काचच हवी. अ‍ॅक्रिलिक उष्णतेने काचेपेक्षा खूप जास्त पसरतं, १ मीटरची शीट २० अंशांच्या फरकाला जवळजवळ दीड मिमी वाढते, म्हणून घट्ट बसवलेलं अ‍ॅक्रिलिक मधे फुगून येतं आणि समोरचे दिवे त्यात वाकडेतिकडे दिसायला लागतात.

आणि चकाकी. साध्या काचेच्या दोन्ही पृष्ठांवरून मिळून साधारण ८ टक्के उजेड परत येतो, खिडकीसमोरच्या काळ्या फोटोत तेवढा पुरतो, मग लोकांना चित्राऐवजी स्वतःचाच चेहरा दिसतो. अँटी-रिफ्लेक्टिव्ह कोटिंगची काच हे प्रमाण १ टक्क्याच्या आसपास किंवा त्याखाली आणते. मॅट म्हणजे खरबरीत काच स्वस्त पडते पण ती चित्रापासून जरा लांब गेली की सगळं धुरकट दिसतं, जाड माउंट असेल तर ती घेऊच नये.

पट्टी कशाची

अ‍ॅल्युमिनियम सरळ राहतं, बारीक पट्टीतही मोठी फ्रेम पेलतं आणि शेकड्याने बनवलं तरी फरक पडत नाही. विसाव्या शतकाच्या मध्यात अमेरिकेत रॉबर्ट कुलिक या फ्रेम कारागिराने आधुनिक चित्रांसाठी साध्या धातूच्या फ्रेम केल्या आणि आज ऑफिसात दिसणाऱ्या बारीक धातूच्या चौकटी त्याच वळणाच्या. लाकडाची ऊब त्यात येत नाही हे खरं, पण लाकडात बॅचप्रमाणे रंग बदलतो आणि ओक किंवा अ‍ॅशवर तेच स्टेन म्हणजे लाकडात मुरणारा रंग वेगळा उठतो. रामिन हे एके काळी पट्ट्यांचं लाडकं लाकूड होतं, पण २००५ पासून ते सायटेसच्या, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, परिशिष्ट २ मध्ये आहे, त्यामुळे कागदपत्रांशिवाय घेऊ नये. पॉलिस्टायरिनची पट्टी हलकी आणि स्वस्त असते पण मोठ्या साइझला वाकते. कॅनव्हासला काच न लावता फ्लोटर फ्रेम घालतात, त्यात कॅनव्हास आणि पट्टीत ५ ते १० मिमी मोकळी फट सोडलेली असते.

सँपल बघताना कोपऱ्याचा तुकडा मागवावा, सरळ पट्टीचा नको. ४५ अंशाचा जोड कसा मिटलाय, फिनिश कापताना उडालंय का, हे कोपऱ्यातच कळतं. नखाने जोडावरून हलकेच फिरवा, नख अडकलं तर शंभर फ्रेममध्ये शंभर वेळा अडकणार. आणि तो तुकडा खऱ्या भिंतीवर, खऱ्या रंगावर, संध्याकाळी दिवे लावल्यावर धरून बघावा, कारण सोनेरी पट्टी पिवळ्या एलईडीखाली एक दिसते आणि दिवसा दुसरीच.

मापं लिहिणं

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. "ए२ ची फ्रेम" म्हणजे काय हे समोरचा आपल्या मनाने ठरवतो. ए२ प्रिंट ४२० बाय ५९४ मिमीची. माउंट प्रत्येक बाजूने ५ मिमी वर चढतो म्हणून खिडकी, म्हणजे माउंटमधली चित्र दिसायची मोकळी जागा, ४१० बाय ५८४. माउंटची डावी, उजवी आणि वरची बाजू ८० मिमी रुंद, खालची ९० धरली (खालची जरा मोठी ठेवतात, नाहीतर चित्र खाली घसरल्यासारखं वाटतं) तर काचेचं माप ५७० बाय ७५४. पट्टीची रुंदी २५ मिमी, त्यातली खाच ६ मिमी, आणि बसवायला ३ मिमी सैल, की बाहेरचं माप झालं ६११ बाय ७९५. म्हणजे ४२० ची वस्तू भिंतीवर ६११ ची जागा घेते, आणि ड्रॉइंगमध्ये दोन खिडक्यांमध्ये ६०० चीच भिंत असेल तर ते आधी कळलं पाहिजे. म्हणून शेड्यूलमध्ये, म्हणजे सगळ्या फ्रेमच्या यादीत, प्रिंट, खिडकी, काच आणि बाहेरचं अशी चारही मापं वेगळी लिहावीत, आधी रुंदी की आधी उंची तेही लिहावं, आणि आडवं-उभं शब्दांत लिहावं. त्याच ओळीत पट्टीचा कोड, फिनिश, काचेचा प्रकार आणि जाडी, माउंटचा रंग, हार्डवेअर, खोलीचा नंबर. एकाच बॅचची थोडी जास्तीची पट्टी राखून ठेवायची हेही तिथेच लिहा.

टांगणं

सार्वजनिक जागेत तारेवर टांगू नये, दरवाजा आपटला की फ्रेम तिरकी होते. वरती दोन पॉइंट आणि खाली एक लॉक अशी तीन टोकांची सिक्युरिटी फिटिंग वापरतात, ती खास चावीशिवाय निघत नाही. जड कामांना फ्रेंच क्लीट, म्हणजे एकमेकींत अडकणाऱ्या दोन तिरप्या पट्ट्या. जिप्सम बोर्डची भिंत असेल तर साडेबारा मिमीच्या बोर्डावर नुसता स्क्रू भरवशाचा नाही, बोर्ड लावायच्या आधी मागे प्लायवूड घालून घ्यावं लागतं, आणि त्यासाठी फ्रेमची जागा आणि वजन भिंत बंद व्हायच्या आधी ठरलेलं हवं. हे काम शेवटच्या आठवड्यावर ढकललं जातं आणि मग प्लायवूड कुठेच नसतं. उभ्याने बघायच्या चित्राचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५५ सेंमीवर येतो, सोफ्यावरच्या चित्राची खालची कड पाठीच्या वर १५-२० सेंमी. खालच्या कोपऱ्यांना रबरी बटणं लावली की मागे हवा खेळते आणि भिंतीवर काळी चौकट उमटत नाही.

देखभालीसाठी साफसफाईवाल्यांना दोन गोष्टी लिहून द्याव्यात, स्प्रे फ्रेमवर न मारता कापडावर मारायचा, कारण थेंब खालच्या कडेने आत उतरून माउंट ओला करतो, आणि अमोनियाचं काचेचं लिक्विड अ‍ॅक्रिलिकला लावायचं नाही, त्याने बारीक तडे जातात. सिक्युरिटी फिटिंगच्या चाव्या आणि शेड्यूलची शेवटची प्रत इमारतीच्या देखभाल विभागाकडे एकाच पाकिटात ठेवावी.