दगड गावचा, हात गावचे: सामूहिक बांधकामाची सातारा-सांगलीतील पार्श्वभूमी

गावाने एकत्र बसण्यासाठी स्वतः उभी केलेली वास्तू सातारा आणि सांगली या जिल्ह्यांना नवी नाही. चावडी, देवळाचा सभामंडप, धर्मशाळा, तालीम ही तिचीच जुनी रूपे होत. मात्र गावात मिळणारे साहित्य आणि गावातले श्रम या दोन गोष्टी पूर्वी एकाच बांधकामात येत असत, त्या गेल्या साठ-सत्तर वर्षांत एकमेकींपासून कशा सुटल्या, हे पाहिल्याशिवाय आज होणारी ‘शाश्वत’, म्हणजे गावच्याच साहित्यातून आणि गावच्याच श्रमांतून बांधायच्या, सभागृहाची मागणी नीट समजत नाही.

साहित्याचा निर्णय पूर्वी पाऊसच करीत असे. महाबळेश्वर, जावळी, पाटण या अतिवृष्टीच्या पट्ट्यात जांभा दगड, कारवीच्या कुडाच्या भिंती आणि उतरते छप्पर असे. माण, खटाव, आटपाडी, जत या कोरड्या तालुक्यांत जाड भिंतींवर पांढरीच्या मातीचे सपाट छप्पर, म्हणजे माळवद, घातले जाई. आणि कृष्णाकाठी गाळाची माती मुबलक असल्याने वीटभट्ट्या उभ्या राहिल्या. काळा पाषाण सर्वत्र होता, पण तो घडवण्यास महाग असल्याने घाट, देवळे आणि वाडे यांच्याच वाट्याला तो अधिक आला. वाई आणि मेणवलीचे घाट आजही पुराचे पाणी अंगावर घेतात, यावरून घडीव दगड आणि घाण्यात मळलेला चुना यांची ताकद कळते. सामान्य माणसाची भिंत मात्र अनघड दगड आणि चिखलाची असे, आणि पुढचे बरेचसे प्रश्न याच भिंतीतून निघाले.

श्रमांचा इतिहास त्यामानाने कमी निर्मळ आहे. शेतकरी एकमेकांच्या शेतावर सावडीने, म्हणजे श्रमाची परतफेड श्रमाने करत, जात; इर्जिकीला, म्हणजे सर्वांनी मिळून एकाचे शेत नांगरायला, बैल जुंपत; सुतार-लोहारांना कामाबद्दल बलुते मिळे. परंतु चावडीच्या किंवा वाड्याच्या कामावर राबलेले अनेक हात वेठीला धरलेले होते, आणि ज्यांनी दगड वाहिले त्यांपैकी कित्येकांना त्याच मंडपात बसण्याची मुभा नव्हती. ‘गाव एकदिलाने बांधत असे’ हे विधान म्हणूनच जपून करावे लागते. श्रमाला प्रतिष्ठा आणि समान प्रवेश यांची जोड मिळाली ती मुख्यतः कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या कामात. १९१९ साली कराडजवळच्या काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन झाली, १९२४ मध्ये तिचे केंद्र साताऱ्यास आले, आणि सर्व जातींची मुले एकत्र राहणाऱ्या तिथल्या वसतिगृहात शेती, स्वयंपाक, खडी फोडणे आणि बांधकाम ही कामे शिक्षणाचाच भाग मानली गेली.

साहित्यावरचा विश्वास ढळला तो ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे. कोयना परिसरातील भूकंपात सुमारे १८० माणसे मृत्युमुखी पडली आणि चिखलात रचलेल्या दगडी भिंती मोठ्या प्रमाणावर कोसळल्या. दोष दगडाइतकाच बांधणीचाही होता. भिंतीची दोन तोंडे वेगवेगळी रचून मध्ये चुरा भरायचा, आणि दोन्ही तोंडांना धरणारा आरपार दगड टाळायचा, अशी घाईची पद्धत अनेक ठिकाणी रूढ होती. अशी भिंत हादरली की मधोमध फुटून दोन्हीकडे पडते. लोकांनी मात्र एकच अर्थ काढला, की दगड-माती मारते आणि सिमेंट वाचवते. तेव्हा सिमेंट नियंत्रित आणि दुर्मीळ होते. १९८२ मध्ये त्यावरील नियंत्रण अंशतः आणि १९८९ मध्ये पूर्णपणे उठले, आणि त्यानंतर स्लॅबचे समाजमंदिर हे गावोगावचे ठरीव चित्र बनले.

श्रमाची बाजू मात्र याच भूमीतून कायद्यापर्यंत गेली. तासगाव तालुक्यातील विसापूरचे, विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून १९६५ मध्ये याच तालुक्यात मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग झाला. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमी योजना राज्यभर पोहोचली आणि १९७७ चा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. या योजनेने पाझर तलाव, नालाबांध आणि रस्ते दिले. हजारो हातांनी काळा दगड फोडला, पण तो रस्त्यांच्या खडीसाठी. भिंतीसाठी दगड घडवण्याचे कसब त्यात वाढले नाही, ही खंत नोंदवायलाच हवी.

दोन्ही धागे पुन्हा जुळले ते एका धरणावर. १९८० च्या दशकात सांगली जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील बलवडी आणि तांदूळवाडीच्या शेतकऱ्यांनी दुष्काळग्रस्तांच्या मुक्ती संघर्ष चळवळीच्या बळावर येरळा नदीवर बळीराजा स्मृती धरण बांधले. नदीतील वाळू मर्यादित प्रमाणात विकून त्यासाठी पैसा उभा केला गेला, श्रमदानाला विद्यार्थी आले, आणि पाण्यात भूमिहीनांचाही वाटा ठरला. या कामाशी जोडलेले अभियंते के. आर. दाते पुढे बांबू, लहान जाडीचे लाकूड यांसारख्या शेतात पिकणाऱ्या साहित्यातून बांधकाम करण्याचा आग्रह धरत राहिले. धरण ही काही सभागृहाची इमारत नव्हे, तरी साहित्य, पैसा, श्रम आणि लाभाची वाटणी या चारही गोष्टी गावाने आधी ठरवण्याचा जिल्ह्यातला हा सर्वांत ठळक नमुना आहे.

नंतरच्या केंद्रीय रोजगार हमी कायद्याने, म्हणजे २००५ च्या कायद्याने, कंत्राटदाराला मनाई केली आणि साहित्याचा खर्च चाळीस टक्क्यांच्या आत ठेवण्याचे बंधन घातले. २००९ मध्ये ग्रामपंचायत पातळीवरील सेवा केंद्राच्या इमारतीही त्यात आल्या. सिमेंट आणि सळई यांच्या इमारतीत पैसा साहित्यातच मुरतो, त्यामुळे हे प्रमाण सांभाळणे अवघड जाते; घडीव दगड किंवा मातीच्या भिंतीत तो मजुरीत जातो आणि गावात राहतो. कमी ताकदीच्या दगडी बांधकामासाठी भारतीय मानक १३८२८ हे १९९३ पासून उपलब्ध आहे. ठरावीक अंतरावर आरपार दगड आणि भिंतीभोवती फिरणारे सलग पट्टे ही त्यातली मुख्य मागणी कोयनेच्या भूकंपात पडलेल्या भिंतींत राहून गेलेली उणीवच भरून काढते. मात्र या दगडाची जागा ओळखून तो बसवणारा गवंडी कोयनेनंतरच्या दोन पिढ्यांत स्लॅबच्या कामाकडे वळला, आणि गावच्या दगडात सभागृह बांधायचे ठरले तर पहिला शोध त्याचाच घ्यावा लागतो.