रडार ढग पळवत नाही

जुन्या हवामान रडारच्या जागी नवं बसवायचं ठरलं की तो मेसेज पुन्हा फिरतो: ‘रडारच्या लहरी ढग पांगवतात, म्हणून पाऊस हुकतो.’

पीक डोळ्यांदेखत करपत असताना अशी शंका येणं साहजिकच. पण हिशेब मांडून पाहा. रडार सेकंदाला लहरींचे हजारभर ठोके सोडतं, एकेक ठोका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाएवढा. बाकी वेळ नुसतं परतणाऱ्या लहरी टिपतं. त्यामुळे सरासरी ताकद साधारण घरच्या गिझरपेक्षाही कमी भरते. उलट 1 चौरस किलोमीटरवरचा 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 10 लाख लिटर पाणी! 2 किलोवॉटचा गिझर अखंड चालवला तरी त्याची वाफ व्हायला जवळपास 40 वर्षं लागतील.

पडताळायचं असेल तर कुलाबा बघा. तिथे रडार आहे, आणि पाऊस वर्षाला 2000 मिलिमीटरच्या वर.