मिटलेले पात्र आणि ‘विकास’ या शब्दाचा गुंता

मनाचा थांग लागू न देणारे, मिटलेले पात्र कथेच्या ओघात हळूहळू कुणाजवळ तरी मोकळे होते, ही रचना आज इतकी परिचित आहे की तिला काही इतिहास असेल असे सहसा वाटत नाही. भावना लपवणारी माणसे साहित्यात फार जुनी आहेत. पण ते लपवणे सुटत जाणे हाच कथेचा कणा मानण्याची पद्धत मात्र मुख्यतः गेल्या दोन-अडीचशे वर्षांतली आहे.

संस्कृत नाट्यविचाराने ३३ व्यभिचारी, म्हणजे येऊन-जाऊन असणाऱ्या, भावांत ‘अवहित्थ’ या भावाला स्थान दिले. मनातले चेहऱ्यावर उमटू न देणे म्हणजे अवहित्थ. लज्जा, भय, पराभव ही त्याची कारणे आणि भलतेच काही बोलणे, संभाषण मध्येच तोडणे, उसने धैर्य आणणे ही त्याची लक्षणे सांगितलेली आहेत. वडिलांसमोर आपल्याच विवाहाची बोलणी चालू असताना मान खाली घालून हातातल्या कमळाच्या पाकळ्या मोजत राहणारी पार्वती अनेकांना आठवेल. निरीक्षण इतके सूक्ष्म असले तरी हा भाव येऊन जाणारा मानला गेला. नायकाचा पिंड धीरोदात्त (गंभीर, उदात्त), धीरललित (निश्चिंत, कलाप्रिय) अशा प्रकारांत आधीच ठरलेला असे आणि तो अखेरपर्यंत टिकावा हीच अपेक्षा होती.

घडत जाणाऱ्या नायकाची कादंबरी युरोपात अठराव्या शतकाच्या शेवटी स्थिरावली. १७९५-९६ मध्ये प्रसिद्ध झालेली एक जर्मन कादंबरी तिचा नमुना मानली जाते. या प्रकाराला नाव मिळाले ते १८२० च्या सुमारास एका प्राध्यापकाच्या व्याख्यानांतून, आणि ते नाव रूढ झाले १८७० नंतर. तिथला नायक मात्र बहुधा उत्सुक, चुका करत शिकणारा तरुण असे. मिटलेले पात्र त्याच्या शेजारी उभे असे, आणि त्याच्या वाढीचे काय करायचे हा प्रश्न तसाच राहिला.

तो प्रश्न अवघड होण्यामागे ‘पात्राचा विकास’ या शब्दप्रयोगाचा मोठा वाटा आहे. मराठीत आपण तो निदान तीन निरनिराळ्या गोष्टींसाठी वापरतो. लेखकाने तपशील भरत पात्र भरीव करणे, हा पहिला अर्थ. स्वभावाचा आधी न दिसलेला भाग वाचकाला पुढे कळणे, हा दुसरा. आणि पात्राने स्वतः आतून बदलणे, हा तिसरा. पहिले कसब आहे, दुसरा उलगडा आहे आणि तिसरी वाढ आहे. बोलक्या पात्राच्या बाबतीत ही सरमिसळ फारशी नडत नाही. मिटलेल्या पात्राच्या बाबतीत ती थेट घात करते, कारण त्याच्याविषयी वाचकाला आधी फारच थोडे माहीत असते आणि पुढे कळणारी प्रत्येक गोष्ट बदलासारखी भासते.

१८१३ सालच्या एका इंग्रजी कादंबरीतला श्रीमंत, ताठ नायक हे याचे उत्तम उदाहरण आहे. त्याच्या मनात वाचकाला जवळजवळ प्रवेशच नाही. नायिकेच्या हाती त्याने दिलेले एक लांबलचक पत्र, त्याच्या वाड्यातल्या जुन्या कारभारणीने केलेली स्तुती, त्याने कुणालाही कळू न देता निस्तरलेले एक लाजिरवाणे प्रकरण, एवढ्यावरच त्याची पारख करायची. मग तो बदलला, की आपल्याला नीट कळला? कादंबरी स्वतःच दोन उत्तरे देते. नायिका एका ठिकाणी सांगते की मूळ गोष्टींत तो पूर्वी होता तसाच आहे, परिचय वाढल्यावर तो अधिक समजतो इतकेच. आणि शेवटाकडे तो स्वतः कबूल करतो की लहानपणापासून पोसलेला त्याचा अहंकार तिच्यामुळेच उतरला. समीक्षक आजही या दोन वाक्यांच्या दोन बाजूंना उभे आहेत. माझ्या मते दोन्ही खरी आहेत: नीतीच्या बाबतीत उलगडा झाला आणि वागणुकीच्या बाबतीत वाढ झाली. पण ‘विकास’ हा एकच शब्द हाती असेल तर हा भेद मांडताच येत नाही.

१९२७ च्या एका व्याख्यानमालेतून ‘सपाट’ (एकाच गुणाभोवती उभ्या) आणि ‘गोलाकार’ पात्रांची विभागणी रूढ झाली, आणि गुंता वाढला. पटेल अशा रीतीने आश्चर्याचा धक्का देऊ शकते ते पात्र गोलाकार, ही तिची कसोटी. ती वाचकाला बसलेला धक्का मोजते. पात्र जागचे हलले का, हे मोजत नाही.

दरम्यान निवेदनाची तंत्रे बदलली होती. पात्राचे मनोगत निवेदकाच्याच वाक्यात मिसळून सांगण्याच्या पद्धतीला १९१२ मध्ये नाव मिळाले, आणि मानसशास्त्रातली जाणिवेच्या प्रवाहाची कल्पना १९१८ मध्ये कादंबरीच्या चर्चेत आली. यामुळे इतर पात्रांसाठी बंद असलेले दार वाचकापुरते उघडता येऊ लागले. तोंडातून एकही शब्द न काढता माणूस आतून किती हलतो, हे दाखवणे आता शक्य झाले.

पुढचे वळण मानसशास्त्रानेच दिले. मूल आणि आई यांच्यातील बंधाविषयीचा एक पायाभूत ग्रंथ १९६९ मध्ये आला आणि त्या विचाराला पुढच्या दशकात निरीक्षणांची जोड मिळाली. आई खोलीत परतल्यावर तिच्याकडे पाठ फिरवणारी, बाहेरून शांत दिसणारी सुमारे वर्षाची काही मुले त्यांत आढळली. त्यांच्या हृदयाचे ठोके मात्र वाढलेले होते. या कल्पना झिरपत गेल्या तसा मिटलेपणा हा स्वभाव न राहता जखमेची खूण ठरू लागला. पटकथालेखनाच्या मार्गदर्शक पुस्तकांनी त्याचा आराखडाच केला: जुनी जखम, तिच्यातून आलेली चुकीची समजूत, शेवटाकडे कबुली. या आराखड्याने मोकळे होण्यालाच वाढ ठरवले, आणि हे मला त्याचे सर्वांत मोठे नुकसान वाटते. कुणापाशी मोकळे व्हायचे आणि कुणापाशी नाही हे ओळखता येणे, ही वाढ त्यात मोजलीच जात नाही.

१९८९ सालची एका वृद्ध खानसाम्याची कादंबरी म्हणूनच मोलाची आहे. वर वडील मृत्युशय्येवर असताना तो खाली पाहुण्यांना मद्य देत राहतो. तो रडतो आहे, हे तो निवेदनात सांगत नाही. ‘तू रडतो आहेस असे दिसते’ असे समोरचा म्हणतो, तेव्हा आपल्याला कळते. तो दिवसभराच्या श्रमाचे कारण पुढे करतो. नाट्यविचारातले उसने धैर्य ते हेच. खूप वर्षांनी मन तुटल्याची कबुली तो देतो, तीही वाचकापुरती. जिला ती सांगायला हवी होती, ती त्याची जुनी सहकारी बसमध्ये चढून निघून जाते.

नव्या शतकाच्या सुरुवातीला जपानमध्ये ‘त्सुंदेरे’ हा शब्द प्रचारात आला. फटकून वागण्याचा आणि लाडात येण्याचा, अशा दोन शब्दांची ती जोडणी आहे. सुरुवातीला त्यात काळाची कल्पना होती, म्हणजे आधी फटकून वागणारे पात्र कथेच्या ओघात मायाळू होते. लवकरच तो शब्द एकाच प्रसंगात दोन्ही करणाऱ्या पात्रासाठी वापरला जाऊ लागला. वाढीचे नाव स्वभावाचे नाव झाले. वर्षानुवर्षे चालणाऱ्या मालिकांना हा दुसरा अर्थ सोयीचा ठरला, कारण एका भागात मोकळे झालेले पात्र पुढच्या भागात पुन्हा मिटवता येते, आणि प्रेक्षकाला तोच उलगडा पुन्हा नव्याने दाखवता येतो.