प्रोजेक्टरला कोणतं तेल घालायचं?

35 एमएमचा प्रोजेक्टर चालू असतो तेव्हा पडद्यावरचं चित्र धावतं, पण गेटमधली, म्हणजे भिंगामागच्या खिडकीतली, फिल्म बहुतेक वेळ जागच्या जागी उभी असते. सेकंदाला 24 वेळा ती एक चौकट खाली ओढली जाते आणि थांबते. हे ओढण्याचं काम स्टार आणि कॅम या जोडीचं. कॅम म्हणजे पिन बसवलेली चकती, ती मिनिटाला 1440 फेरे घेत एकसारखी फिरते. तिच्यावरची पिन चार खाचांच्या स्टारमध्ये शिरते, त्याला पाव फेरा फिरवते आणि बाहेर पडते. स्टारच्या दांड्यावर 16 दातांचं चक्र असतं. पाव फेऱ्यात चार दात पुढे सरकतात, म्हणजे फिल्मच्या कडेची चार भोकं, म्हणजे बरोबर एक चौकट. या ओढण्याला मिळणारा वेळ सेकंदाचा 96 वा भाग.

तीन तासांच्या सिनेमात असे 2,59,200 झटके बसतात. थिएटरात दोन मशिनं आळीपाळीने चालत असल्यामुळे एकेकाच्या वाट्याला त्यातले निम्मे येत. पण दिवसाचे चार खेळ धरले, तरी एका मशिनाचा आकडा पाच लाखांच्या पुढे जाई. एवढी आदळआपट सोसून ही जोडी वर्षानुवर्षं टिकते ती तेलामुळे.

झीज झाली तर काय होतं याचा हिशेब सोपा आहे. गेटमधलं साधारण 21 मिलिमीटर रुंदीचं चित्र दहा मीटरच्या पडद्यावर जवळजवळ 500 पट मोठं होतं. स्टारमध्ये 0.02 मिलिमीटरचा ढिलेपणा आला, तर पडद्यावर चित्र एक सेंटिमीटर उडतं. आणि ते पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत सगळ्यांना दिसतं.

तेल नेमकं करतं काय? 1883 च्या सुमारास इंग्लंडमध्ये बोचॅम्प टॉवर हा इंजिनिअर रेल्वेच्या आसांच्या बेअरिंगवर प्रयोग करत होता. तेल सोडायला त्याने बेअरिंगला वरून भोक पाडलं, तर आस फिरू लागताच त्यातून तेल उलटं वर यायला लागलं. त्याने बूच ठोकलं, ते उडालं. लाकडाची खुंटी मारली, तीही बाहेर ढकलली गेली. शेवटी दाबमापक लावला, तर तेलाचा दाब बेअरिंगवरच्या सरासरी भाराच्या दुपटीहून जास्त निघाला. फिरता आस तेलाला निमुळत्या फटीत ओढून नेतो आणि त्या दाबावर स्वतःच तरंगतो, धातूला धातू लागतच नाही. पुढे 1886 मध्ये ऑसबर्न रेनॉल्ड्सने याचं गणित मांडलं.

प्रोजेक्टरचे एकसारखे फिरणारे दांडे असेच तेलावर तरंगतात. पिन आणि खाच यांची गोष्ट वेगळी. तिथे गती सुरू होते, तुटते, पुन्हा सुरू होते, त्यामुळे दाबाचा थर नीट जमतच नाही आणि धातूला चिकटून राहिलेल्या पातळ पापुद्र्यावर भागवावं लागतं. एकाच मशिनाच्या दोन मागण्या अशा आहेत. म्हणूनच ‘चांगल्यातलं चांगलं तेल द्या’ या वाक्याला दुकानात फारसा अर्थ नसतो. आधी बघायचा तो दाटपणा.

औद्योगिक तेलाच्या डब्यावर आयएसओ व्हीजी 32, 46, 68 असे आकडे असतात. तो 40 अंश सेल्सिअसला मोजलेला दाटपणा. तेल तापलं की हा आकडा झपाट्याने घसरतो: 68 चं तेल 100 अंशांना नऊच्याही खाली येतं. शिलाई मशिनचं तेल मुळातच पातळ. कार्बन आर्कच्या (दोन कार्बन कांड्यांमधल्या विजेच्या ज्योतीच्या) दिव्याशेजारी तापणाऱ्या मोठ्या मशिनात ते ओघळून जातं आणि स्टारची खडखड वाढते. उलट फार दाट तेल बारीक फटीत शिरत नाही आणि थंड मशीन सुरू करताना मोटरला जड जातं. मशिनाच्या पुस्तिकेत तेलाचा दाटपणा दिलेला असेल, तर कंपनीच्या नावापेक्षा तो आकडा पाळावा.

गाडीचं 20 डब्ल्यू 40 इंजिन ऑइल चालेल का? मी घालणार नाही. त्यातली डिटर्जंटं काजळी आणि कण तेलात तरंगत ठेवतात. गाडीत हे उत्तमच, कारण पुढे फिल्टर बसलेला असतो. प्रोजेक्टरच्या तेलाच्या डबीत बहुधा फिल्टर नसतो. तिथे कण तळाशी बसून राहिलेलेच बरे. त्यामुळे बिनडिटर्जंटचं साधं खनिज तेल घ्यावं. काही ईपी (अतिदाब सोसणाऱ्या) गिअर ऑइलांतलं गंधक तांब्याच्या मिश्रधातूंना खातं आणि प्रोजेक्टरचे कितीतरी बुश, म्हणजे दांडे ज्यांत फिरतात त्या नळ्या, कांस्याचे असतात, म्हणून तेही नको. खोबरेल तर 24 अंशांच्या आसपासच थिजतं, आणि खाण्याची तेलं हवेने चिकट होऊन शेवटी गोंद बनतात. गंज सोडवायच्या फवाऱ्यात बराचसा द्रावकच असतो. जाम झालेला स्क्रू सोडवायला तो ठीक, पण वंगण म्हणून मारला तर बुशमधलं आधीचं तेलही धुऊन नेतो.

आणि तेल कुठे घालायचं नाही, हेही तितकंच महत्त्वाचं. गेट कोरडंच ठेवायचं. नव्या प्रिंटच्या कडांना मेण लावत ते सरकणं सुलभ व्हावं म्हणून, पण तेल लागलं की फिल्म धूळ धरते, ओरखडे येतात, आणि कडेच्या ध्वनिपट्टीवर डाग पडला तर आवाजही बिघडतो. छोट्या 16 एमएम मशिनांतले सच्छिद्र कांस्याचे बुश स्वतःतच तेल मुरवून ठेवतात. त्यांना थेंबभर पातळ तेल पुरतं, जास्तीचं सगळं फिल्मवर किंवा रबरी पट्ट्यावर जातं.

वर्षानुवर्षं बंद असलेलं मशीन हाती आलं, तर नुसतं वरून नवं तेल ओतू नये. जुनं तेल घट्ट झालं नसेल आणि दांडे हाताने मोकळे फिरत असतील, तर मशीन थोडा वेळ फिल्मशिवाय चालवून तेल कोमट असतानाच काढावं, म्हणजे गाळ सोबत येतो. ते पांढऱ्या कागदावर घेऊन उजेडात बघावं. सोनेरी चमक दिसली तर बुश झिजताहेत, राखाडी चमक दिसली तर पोलाद. दुसऱ्या प्रकारात नवं तेल घालण्याआधी स्टार-कॅमची डबी उघडलीच पाहिजे.